महाविद्यालयात प्राध्यापकांना आधार द्यायचा तर आधी तास मोकळा करा: टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, तारीख जवळ आली की आपल्या नागपूरकडच्या महाविद्यालयांत एक ठरलेली धावपळ सुरू होते. पाच दिवसांचा ऑनलाइन एफडीपी, म्हणजे शिक्षकांचा प्रशिक्षण कार्यक्रम, जाहीर होतो, रोज एक पाहुणा बोलतो, शेवटी गुगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र मेलवर येतं. अहवालातली ओळ भरते. पुढच्या सोमवारी वर्गात मात्र तीच १२० मुलं, तीच घाई, आणि स्टाफ रूममध्ये तोच थकवा.

प्राचार्य, आयक्यूएसी (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता कक्ष) समन्वयक, विभागप्रमुख आणि अडचण आली की सगळे ज्यांच्याकडे वळतात असे स्टाफ रूममधले एक-दोघे यांच्यासाठी हा लेख आहे. इच्छा बहुतेक ठिकाणी असते. चूक क्रमात होते. आधी व्याख्यान ठरतं, मग त्यासाठी तास बुडवले जातात, आणि शिक्षकाचं खरं अडलेलं काम कोणी विचारतच नाही. खाली दिलेला क्रम मोडू नका. एखादा टप्पा जमत नसेल तर तिथेच थांबा, पुढचा उरकू नका.

## पूर्वतयारी: माणसं, यादी आणि एक आदेश

दोन समन्वयक निवडा. एक अनुभवी, दुसरा नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतला. दोघांपैकी एक तरी महिला असावी. यांच्यापैकी कोणीही सहकाऱ्यांच्या पीबीएएसवर (पदोन्नतीसाठी भरायच्या मूल्यमापन अर्जावर) किंवा गोपनीय अहवालावर सही करणारं नको. म्हणजे विभागप्रमुख नको, उपप्राचार्य नको. त्यांचं सहकार्य लागेलच, पण ज्याच्या हातात आपली पदोन्नती आहे त्याच्यासमोर "मला हा विषय शिकवता येत नाही" असं कोणी म्हणत नाही.

मग यादी करा. नियमित प्राध्यापक, विनाअनुदानित तुकड्यांवरचे, तासिका तत्त्वावरचे, ग्रंथपाल, शारीरिक शिक्षण संचालक. तासिका तत्त्वावरच्यांना बहुतेक जण यादीतून वगळतात, नाहीतर उलट टोक गाठून त्यांना प्रत्येक बैठकीला सक्तीने बसवतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासांचे. तासाबाहेर बसवलेली बैठक म्हणजे फुकटचं काम. संस्थेच्या निधीतून मानधन देता येत असेल तर द्या. नसेल तर बैठक त्यांच्या दोन तासांच्या मधल्या वेळेत ठेवा आणि हजेरी ऐच्छिक करा.

प्राचार्यांकडून एक कार्यालयीन आदेश काढून घ्या. त्यात समन्वयकांची नावं, आठवड्यातला राखीव तास आणि हे एक वाक्य हवंच: "वर्गनिरीक्षणातील कोणतीही नोंद वार्षिक मूल्यमापन, स्थाननिश्चिती किंवा सेवा-सातत्यासाठी वापरली जाणार नाही."

तपासणी: हे वाक्य आदेशात नसेल तर वर्गनिरीक्षणाचा टप्पा या वर्षी करू नका. तोंडी आश्वासन प्राचार्य बदलले की संपतं.

## टप्पा १: आधी वेळ मोकळा करा

कागदावर सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांना १४. एकूण काम ४० तासांचं धरलेलं आहे. उरलेल्या तासांत काय काय कोंबलेलं असतं ते टाइमटेबलमध्ये दिसत नाही. प्रवेश समिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, अंतर्गत गुण भरणं, एनएसएस, एक्यूएआरच्या, म्हणजे नॅकला द्यायच्या वार्षिक अहवालाच्या, फायली, मुलांचे अपार आयडी. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्नित महाविद्यालयांत आला आणि मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एईसी (क्षमतावर्धन) या विषयप्रकारांच्या जुळवाजुळवीने टाइमटेबल करणाऱ्याचं डोकं फिरायची वेळ आली.

म्हणून प्रत्येकाकडून एका साध्या आठवड्याचा कामाचा तक्ता भरून घ्या. तास, समिती, कारकुनी, प्रवास, घरी नेलेलं काम. सगळे तक्ते एकत्र मांडले की दोन गोष्टी हमखास उघड्या पडतात: सात-आठ समित्यांवर तीच तीन नावं असतात, आणि त्या तिघांतल्या दोघी बहुधा बायका असतात. समित्या एकत्र करा. प्रत्येकाचं निदान एक बिगर-अध्यापन काम काढून घ्या किंवा कार्यालयाकडे वळवा. कार्यालय कुरकुर करेल. तिथे प्राचार्यांनी बोलायचं, समन्वयकांनी नाही.

यानंतर आठवड्यातला एक सामाईक तास राखून ठेवा. शनिवार नको, दुपारी चारनंतर तर नकोच. काटोल, उमरेड, सावनेर, रामटेक, भंडाऱ्याहून येणारे सहकारी असतात, त्यांची बस-गाडी ठरलेली असते. चारची बैठक ठेवली की शहरात राहणारेच उरतात आणि "बाहेरगावच्यांना रस नाही" असा शेरा मारून मोकळे होतात. मंगळवार ते गुरुवारमधला सकाळ-दुपारच्या पाळीच्या सांध्यावरचा तास सगळ्यात बरा चालतो.

इशारा: राखीव तासाला पहिल्याच महिन्यात कोणीतरी "फक्त आजच्या दिवस" परीक्षा समितीची बैठक लावेल. एकदा लागली की तो तास गेला.

## टप्पा २: गरज विचारा, पण प्रश्नावलीने नाही

तीस प्रश्नांचा गुगल फॉर्म पाठवला तर "आयसीटी" आणि "एआय" ही दोनच उत्तरं येतील. सर्वांना ठाऊक असलेली, सुरक्षित उत्तरं. त्याऐवजी समन्वयकांनी प्रत्येकाशी वीस मिनिटं बसून बोलावं. चहाच्या टपरीवर झालं तरी चालेल, खरं तर तिथेच बरं होतं. प्रश्न तीनच:

१. या सत्रात कोणत्या तासाला जायचं जिवावर येतं?
२. मुलं नेमकी कुठे अडकतात, विषयाच्या कोणत्या जागी?
३. कोणतं एक काम कमी झालं तर शिकवायच्या तयारीला वेळ मिळेल?

पहिल्या प्रश्नावर लोक खुलतात. रसायनशास्त्राच्या मॅडमच्या माथी भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर मारलेला असतो आणि त्या रात्री अकराला नोट्स शोधत बसतात. ओपन इलेक्टिव्हच्या वर्गात वाणिज्य, विज्ञान, कला तिन्हीकडची मुलं असतात, कोणाला किती येतं तेच कळत नाही. विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत, मुलं मराठी माध्यमातली, शेजारच्या बाकावर हिंदी बोलणारी, आणि सर तिन्ही भाषांत उड्या मारत शिकवतात. नागपूरच्या वर्गात हे नवं नाही. पण कुठली संज्ञा कोणत्या भाषेत सांगायची, हे ठरवून केलेलं असतं की ओघात होतं, याचा विचार क्वचितच झालेला असतो. अशा विषयावर दोन तासांची आपापसातली कार्यशाळा कोणत्याही पाहुण्याच्या व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडते.

उत्तरं नावानिशी लिहू नका. अडचणींची यादी करा, माणसांची नको.

## टप्पा ३: पदोन्नतीचे कागद सरळ करा

हा टप्पा वर्गनिरीक्षणाआधी घ्यायचं कारण व्यवहारी आहे. ज्याच्या डोक्यावर स्थाननिश्चितीची, म्हणजे पुढच्या लेव्हलला जाण्याची, टांगती तलवार आहे तो शिकवण्याबद्दल मोकळेपणी बोलायला येणार नाही. कागद मार्गी लागले की माणूस निवांत होतो.

यूजीसीची २०१८ ची नियमावली राज्यात ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाली. तिच्यानुसार महाविद्यालयातल्या सहाय्यक प्राध्यापकासाठी प्रशिक्षणाची अट थोडक्यात अशी:

वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ ला जाताना सेवा पीएचडी असेल तर ४ वर्षं, एमफिल असेल तर ५, दोन्ही नसतील तर ६. अध्यापनपद्धतीवरचा २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स हवा, आणि त्याखेरीज आणखी एक गोष्ट: रिफ्रेशर किंवा संशोधनपद्धती कोर्स, किंवा किमान ५ दिवसांची कार्यशाळा वा एफडीपी, किंवा ई-प्रमाणपत्रासह एक मूक (MOOC, सर्वांना खुला ऑनलाइन) कोर्स, किंवा चार भागांतला ई-आशय.

लेव्हल ११ वरून १२ ला जाताना शेवटच्या ५ वर्षांत अशा दोन गोष्टी लागतात. इथे कोर्स किमान १० दिवसांचा हवा. त्या प्रत्येक दहा दिवसांच्या जागी पाच-पाच दिवसांचे दोन चालतात. लेव्हल १२ वरून १३-ए साठी पीएचडी आणि शेवटच्या ३ वर्षांत अशी एक.

ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालकांचे निकष वेगळे आहेत. त्यांना वरचा मजकूर फोटो काढून पाठवू नका.

चुका नेहमी त्याच होतात. लेव्हल ११ वरचे सर पाच दिवसांचे दोन एफडीपी करतात आणि दोन अटी पूर्ण झाल्या असं समजतात. प्रत्यक्षात एकच झालेली असते. कोर्सची तारीख मूल्यमापनाच्या कालावधीबाहेर पडते. प्रमाणपत्रावर कालावधी किंवा आयोजकाचा स्पष्ट उल्लेख नसतो. ऑनलाइन कोर्स चालू असताना त्याच वेळेचे तास मस्टरवर घेतलेले दिसतात, आणि छाननी समितीत कोणीतरी नेमका तोच कागद काढतो. मूकला नाव नोंदवलं, व्हिडिओ पाहिले, पण परीक्षा दिली नाही, म्हणजे ई-प्रमाणपत्र नाही.

म्हणून प्रत्येकासाठी एकच पान करा: सध्याची लेव्हल, त्या लेव्हलला आल्याची तारीख, पुढची पात्रता तारीख, झालेले कोर्स आणि त्यांचे दिवस, उरलेलं काय. वर्षातून दोनदा ते पान आयक्यूएसीसोबत बसून तपासा, नियमात बदल झाला असेल तर तोही तिथेच कळेल.

कोर्स शोधताना पहिला थांबा विद्यापीठाचं मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. जुने लोक त्याला अजून अकॅडमिक स्टाफ कॉलेज म्हणतात, मधल्या पिढीला एचआरडीसी आठवतं. अमरावती विद्यापीठातही असं केंद्र आहे. नव्या नेमणुकीतल्यांनी ओरिएंटेशनच्या जागी फॅकल्टी इंडक्शन प्रोग्राम, म्हणजेच गुरुदक्षता, पाहावा.

तपासणी, कोर्सला नाव नोंदवण्याआधी: कर्तव्य रजेचा आदेश हातात आहे का? बदली तास कोण घेणार हे नावानिशी ठरलं आहे का? परत आल्यावर प्रमाणपत्राची प्रत कोणत्या फाइलला लागणार? तिन्हींची उत्तरं मिळाल्यावरच अर्ज करा. मागाहून काढलेला रजेचा आदेश पुढे डोकेदुखी होतो.

## टप्पा ४: एकमेकांचा तास पाहणं

शिकवणं सुधारतं ते इथे, आणि लोक सगळ्यात जास्त घाबरतात तेही इथेच. निरीक्षण म्हटलं की तपासणी आठवते, मागच्या बाकावर बसून वहीत काहीतरी खरडणारा अधिकारी आठवतो. ते चित्र पुसल्याशिवाय सुरुवात करू नका.

जोड्या शिक्षकांनी स्वतः ठरवाव्यात. पहिल्या फेरीत दोघांचे विषय वेगळे असावेत: मराठीचे सर आणि भौतिकशास्त्राच्या मॅडम अशी जोडी उत्तम. विषय कळत नसला की लक्ष आशयावरून निघून मुलांकडे जातं. "हे समीकरण असं का मांडलं?" हा वाद होत नाही. पहिला तास समन्वयकाने स्वतःचा दाखवावा. ज्येष्ठांचा वर्ग कनिष्ठाने पाहिला की वातावरण सैल होतं.

आधी, १५ मिनिटं. ज्याचा तास आहे त्याने सांगायचं की काय पाहायचं. एकच गोष्ट. "मागच्या तीन रांगांत काय चालतं?" किंवा "माझ्या प्रश्नांना कोण उत्तरं देतं?" असं नेमकं. "एकंदर कसं वाटतं ते बघा" हे चालणार नाही; त्याचं उत्तर "छान होतं सर" असंच येतं.

तासात. पाहुण्याने बाजूला बसायचं, म्हणजे मुलांचे चेहरे दिसतात. वहीत दोन रकाने: वेळ आणि घडलेली गोष्ट. मत लिहायचं नाही. "शिकवणं कंटाळवाणं" हे मत झालं. "११:४२, प्रश्न विचारला, लगेच स्वतःच उत्तर दिलं" ही नोंद झाली. प्रश्न विचारल्यावर आपण साधारण एक सेकंद थांबतो आणि पुढे सरकतो, असं वर्गांच्या अभ्यासांतून अनेक वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे. तीन सेकंद किंवा अधिक थांबलं तर जास्त मुलं बोलतात आणि उत्तरं लांब येतात. हे व्याख्यानात ऐकून पटत नाही. आपल्याच तासाच्या नोंदीत पाच वेळा दिसलं की पटतं. नोंदीत भाषाही टिपा: कोणती संज्ञा कोणत्या भाषेत आली, आणि माना कुठे हलल्या.

नंतर, दोन दिवसांच्या आत. आधी ज्याचा तास त्याने बोलायचं. मग नोंद वाचून दाखवायची. सल्ला मागितला तरच द्यायचा. शेवटी त्या शिक्षकाने पुढच्या दोन आठवड्यांत करून पाहायची एकच गोष्ट ठरवायची. वहीचं पान त्याच्या हवाली करायचं. प्रत काढायची नाही, मोबाइलवर फोटोही नाही.

मुलांना आधी सांगा. नाहीतर "सरांची कम्प्लेंट झाली वाटते, मॅडम चेक करून राहिल्या" ही बातमी कॅन्टीनपर्यंत पोचायला दहा मिनिटं पुरतात. "आम्ही दोघं एकमेकांकडून शिकतोय" एवढं एक वाक्य पुरे.

इशारा: नॅकच्या फाइलसाठी पुरावा हवा म्हणून कोणी निरीक्षणाचे कागद मागेल. द्यायचे नाहीत. किती जोड्या झाल्या आणि कोणत्या महिन्यात, एवढी आकडेवारी पुरते. कागद एकदा फाइलला लागले की पुढच्या वर्षी सगळ्या नोंदी "उत्कृष्ट" येतील.

## टप्पा ५: सत्राच्या मध्यावर मुलांना विचारणं

सत्र संपल्यावर घेतलेला अभिप्राय त्या मुलांच्या कामाचा नसतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तासाची शेवटची दहा मिनिटं घ्या. कोऱ्या कागदावर, नाव न लिहिता: कशाने समजायला मदत होते, कशाने अडतं, काय बदललं तर बरं. गुण, तारे, एक ते पाच असलं काही नको. जोडीदार शिक्षकाने कागद गोळा करून सारांश सांगावा. हस्ताक्षर ओळखून नाराज होण्याची सोय राहत नाही. पुढच्याच आठवड्यात वर्गात सांगा की काय बदलणार आणि काय नाही, का नाही. हे राहिलं तर पुढच्या वेळी कोरे कागद येतात.

## टप्पा ६: आधारगट, म्हणजे कामाची वाटणी

"स्ट्रेस मॅनेजमेंट" वरचं व्याख्यान हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय. ज्या मॅडमच्या सासूबाई मेडिकल हॉस्पिटलमध्ये भरती आहेत त्यांना श्वास कसा घ्यावा हे सांगू नका. त्यांचे दोन तास आणि शुक्रवारचं पर्यवेक्षण कोण घेणार ते सांगा.

यासाठी तासिकांची भिशी लावा. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाने दोन बदली तास आणि एक पर्यवेक्षण भिशीत टाकायचं. ज्याला गरज पडेल त्याने उचलायचं. कारण समन्वयकाला सांगायचं किंवा तेही नाही. हिशेब वहीत: कोणी दिलं, कोणी उचललं. परतफेडीची घाई नाही, पण सलग दोन सत्रं फक्त उचलणाऱ्याशी समन्वयकाने एकट्यात बोलावं. आजारपण, बाळंतपणानंतर कामावर परतणं, पीएचडीचा प्रबंध सादर करण्याचे आठवडे, घरातला मृत्यू: यांना आधी. भिशी ही हक्काच्या रजेला पर्याय नाही. रजा मंजूर करायची जबाबदारी कार्यालयाचीच.

गट सहा-सात जणांचे असावेत, विभाग मिसळलेले. महिन्यातून एकदा त्याच राखीव तासात बसायचं. तर्री पोहे मागवा, अजेंडा मागवू नका. नियम दोनच: इथलं बाहेर नाही, आणि न विचारता उपदेश नाही.

काही गोष्टी गटात सोडवायच्या नसतात. त्या कुठे न्यायच्या ते समन्वयकांना तोंडपाठ हवं:

लैंगिक छळाची गोष्ट कानावर आली तर गटात चर्चा नाही, समेट नाही. त्या व्यक्तीला अंतर्गत तक्रार समितीची माहिती द्या आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते हे सांगा. तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा.

झोप उडाली आहे, जगण्यात राम वाटत नाही, असं कोणी बोललं तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. पहिल्या वेळी सोबत जायला कोणीतरी तयार असावं, कारण ओपीडीच्या रांगेतून माणूस परत फिरतो. जिवाला धोका वाटत असेल तर गुप्ततेचा नियम बाजूला ठेवा, घरच्यांना कळवा आणि त्याला एकटं सोडू नका.

पैशांची अडचण तासिका तत्त्वावरच्यांना जास्त छळते. मानधन महिनोन्‌महिने अडकतं. गटाने वर्गणी काढणं हा तात्पुरता मार्ग. खरं काम म्हणजे त्यांची बिलं दर महिन्याला वेळेवर तयार होऊन पुढे जातात का, हे एकाने कार्यालयात जाऊन पाहणं. पतसंस्थेचं सभासदत्व त्यांना मिळतं का, ते उपविधीत वाचा.

इशारा: हे सगळं ऐकून घेण्याचं, सोबत जाण्याचं काम नकळत दोन-तीन बायकांवर येऊन पडतं. समन्वयकाचं काम आदेशात लिहिलेलं हवं आणि त्याच्या बदल्यात त्यांची दुसरी एक समिती कमी झालेली हवी.

## टप्पा ७: नागपूरचं कॅलेंडर पाहून तारखा ठरवा

सत्र सुरू होताच पहिले तीन आठवडे प्रवेशाचे; तेव्हा फक्त कामाचे तक्ते भरून घ्या. जोड्यांची पहिली फेरी त्यानंतर लगेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीमुळे महाल-इतवारीत वाट मिळत नाही, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्या आठवड्यांत बाहेरचा माणूस बोलावू नका. हिवाळी परीक्षा आणि पेपर तपासणी सुरू झाली की नवं काही सुरू करायचं नाही, फक्त भिशी चालू ठेवायची, कारण तेव्हाच तिची खरी गरज असते. डिसेंबरात अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडतात आणि शिक्षक संघटनांची आंदोलनंही तेव्हाच असतात. दुसरी फेरी जानेवारी-फेब्रुवारीत. मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याच्या सभागृहात कार्यशाळा ठेवणाऱ्याने आधी स्वतः तिथे दुपारी दोनला तासभर बसून पाहावं.

## वर्ष संपताना

किती प्रमाणपत्रं आली ते अहवालासाठी मोजा, ते लागतंच. स्वतःसाठी वेगळं मोजा: राखीव तास किती आठवडे टिकला, किती जोड्यांनी तिन्ही भाग पूर्ण केले, ठरवलेली एक गोष्ट दोन महिन्यांनी किती जण अजून करत आहेत, भिशीतून किती जणांनी उचललं. कोणीच उचललं नसेल तर गरज नव्हती असं समजू नका. मागायला लाज वाटली असेल.

दर वर्षी दोन समन्वयकांपैकी एकच बदला. नव्याला फक्त तीन गोष्टी सोपवा: कार्यालयीन आदेश, पदोन्नतीची पानं आणि भिशीची वही. वहीत तासांचा हिशेब राहू द्या. कोणी कशासाठी उचललं हे कुठे लिहिलं गेलं असेल तर ते पान हस्तांतरणाआधी फाडून टाका.